ताक बंद करणाऱ्या डॉक्टरांना खुले पत्र

मा. डॉक्टरसाहेब,



आपलं नाव लिहीत नाही. ‘ऊन आणि डी, एम.एस.ला सुट्टी’ हा आपला व्हिडिओ ज्यांनी पाहिलाय ते ओळखतील, आणि एम.एस.चा (मल्टिपल स्क्लेरॉसिसचा) रुग्ण असलेल्या घरात तो कुणीतरी पाहिलेला असतोच. माझ्या पुतणीच्या घरीही पाहिला होता. तिच्याबाबत आपल्या क्लिनिकला मेल केले, रजिस्टर पत्र पाठवलं, काउंटरवर निरोप ठेवले. उत्तर एकच आलं: पुढच्या वेबिनारच्या फीमध्ये वीस टक्के सवलतीचं कूपन. आभारी आहे. आता चारचौघांत विचारतो.

मिरजेत माझं मेडिकल आहे. उभं आयुष्य डॉक्टरांचं अक्षर लावण्यात गेलं. आपलं अक्षर सुवाच्य आहे, त्यामुळे गैरसमजाला जागा नाही: ‘कोलेकॅल्सिफेरॉल ४०,००० युनिट, रोज, ६ महिने. फिंगोलिमॉड बंद.’ कोलेकॅल्सिफेरॉल म्हणजे डी जीवनसत्त्व, फिंगोलिमॉड म्हणजे तिची एम.एस.ची गोळी. सोबत लॅमिनेट केलेलं गुलाबी आहारपत्रक. मी एवढं डी द्यायला नकार दिला, तर घरच्यांनी आपल्याच अ‍ॅपवरून मागवलं. काकांना काय कळतंय, ते दुकानदार.

दुकानदाराला हिशेब येतो, म्हणून हिशेबच मांडतो. आमच्याकडे ६०,००० युनिटचं सॅशे लोक नेतात ते आठवड्याला एक, आणि तेही साधारण आठ आठवडे. आपल्या चिठ्ठीप्रमाणे आठवड्याचे होतात २,८०,००० युनिट. सहा महिन्यांचे ७२ लाख. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये मोठ्या माणसाची रोजची गरज ठरवली ६०० युनिट, आणि कमाल मर्यादा ४,०००. आपण त्या मर्यादेच्या दहापट दिलंत. कॅल्शियमची तपासणी कधी करायची, हे चिठ्ठीत कुठेही नाही. पुढच्या अपॉइंटमेंटची तारीख मात्र आहे.

व्हिडिओत आपण हसत सांगता, ‘चाळीस हजार आकड्याला घाबरू नका, हे जेमतेम एक मिलिग्रॅम आहे.’ अगदी बरोबर. थायरॉइडची १०० मायक्रोग्रॅमची गोळी तर मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा असते. त्या दहा गोळ्या रोज घ्यायला आपण कुणाला सांगाल? जी फिंगोलिमॉड आपण एका शब्दात बंद केलीत, तिचा पूर्ण डोस अर्धा मिलिग्रॅम असतो.

आता ते गुलाबी पत्रक. दूध बंद, दही बंद, पनीर बंद, ताक बंद, तीळ बंद. रोज किमान अडीच लिटर पाणी. सांगली-मिरजेकडच्या माणसाचं ताक बंद करायला कारणही तसंच हवं. ते कारण आपल्याला पक्कं ठाऊक होतं. एवढ्या डीने आतडं अन्नातलं कॅल्शियम प्रमाणाबाहेर ओढून घेतं, हाडांतलंही रक्तात येतं, आणि ते बाहेर टाकता टाकता मूत्रपिंडं थकतात. म्हणून खाण्यातलं कॅल्शियम तोडायचं आणि पाण्याचा मारा करायचा. धोका माहीत नसता तर ताक बंद केलं नसतंत, डॉक्टरसाहेब. धोका माहीत होता. तो रुग्णाला सांगितला नाहीत, इतकंच.

पुतणीला आधी कोरड पडू लागली. उशाशी तांब्या, रात्रीत तीन-चारदा उठणं, मग मळमळ, पोट साफ न होणं, दिवसभर गुंगी. क्लिनिकच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं तर उत्तर आलं, ‘हीलिंग क्रायसिस आहे, डोस सुरू ठेवा.’ शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा कॅल्शियम १३.८ होतं, जे साडेदहाच्या आत हवं. क्रिएटिनिन २.६. डीच्या रिपोर्टवर आकडाच नव्हता, ‘१५० पेक्षा जास्त’ एवढंच होतं, कारण त्या मशीनची मोजायची हद्द संपली होती. सलाइन लावलं, कॅल्शियम उतरलं. पण हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, पाण्यासारखं वाहून जात नाही. महिनोन्‌महिने ते शरीरात राहतं.

दुसरा घाव गोळी बंद केल्याचा. फिंगोलिमॉड अचानक थांबवली तर एम.एस. आधीपेक्षा जोरात उसळू शकतो, आणि बहुतेक वेळा पहिल्या बारा आठवड्यांतच, हा इशारा अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०१८ मध्ये दिलेला आहे. तिचा उजवा पाय त्याच काळात गेला. चालताना चप्पल पायातून निसटते आणि दोन-चार पावलं पुढे गेली तरी तिला कळत नाही. मागून कुणीतरी हाक मारून सांगावं लागतं.

आपले अनुयायी आता मला संशोधन वाचा म्हणतील. वाचलंय. डी आणि एम.एस. यांचा संबंध खरा आहे, तो आपण शोधलेला नाही एवढंच. २००६ चा हार्वर्डचा अभ्यास आपण दर व्हिडिओत दाखवता: अमेरिकी सैन्यातल्या ७० लाखांहून अधिक लोकांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांतून आजार होण्याआधीची पातळी पाहिली, आणि ज्यांची डीची पातळी सर्वांत जास्त त्यांच्यात एम.एस.चा धोका ६२ टक्के कमी दिसला. पुढचं वाक्य आपल्या स्लाइडवर नसतं. हा संबंध गोऱ्या लोकांत दिसला, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक गटांत ठळकपणे दिसला नाही. शिवाय ही आजार होण्याआधीची गोष्ट आहे. आजार जडल्यावर मूठभर डी देऊन तो थांबतो का, हा प्रश्नच वेगळा. तो स्वतंत्रपणे तपासलाही गेला. ‘सोलर’ चाचणीत इंटरफेरॉनच्या जोडीला रोज १४,००७ युनिट दिले, मुख्य निकष साधला नाही. अमेरिकेतल्या ‘विडाम्स’मध्ये ५,००० आणि ६०० युनिटची तुलना केली, आजाराच्या झटक्यांत फरक नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या चाचणीत १०,००० पर्यंत गेले, तिथेही नाही.

आणि २०२५ ची फ्रेंच चाचणी, जिचा स्क्रीनशॉट आपल्या क्लिनिकच्या भिंतीवर फ्रेम करून लावलाय. ती खरोखर आशादायक आहे. नुकतीच पहिली लक्षणं दिसलेले ३०३ रुग्ण, दर पंधरवड्याला १ लाख युनिट, दोन वर्षं. आजाराची हालचाल डी घेणाऱ्यांत ६०.३ टक्क्यांना, न घेणाऱ्यांत ७४.१ टक्क्यांना. मात्र हा फरक मुख्यतः एमआरआयमधला. प्रत्यक्ष झटक्यांतला फरक ठाम नव्हता. आणि तिथला डोस रोजच्या हिशेबाने सुमारे ७ हजार पडतो, आपल्या डोसच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतका. चालू औषध बंद करा असं त्या निबंधात कुठे लिहिलंय, ती ओळ मला दाखवा. आपली पद्धत ज्या ब्राझीलच्या डॉ. कोइंब्रांच्या नावाने चालते, तिची एम.एस.साठी तुलना-गट ठेवून घेतलेली चाचणी दाखवा. उलट एम.एस.च्या रुग्णाला अशा अतिडोसाने झालेल्या जीवघेण्या विषबाधेची नोंद २०१९ मध्येच प्रसिद्ध झाली आहे.

उन्हाचंही तेच. मुंबईच्या पारशांमध्ये एम.एस.चं प्रमाण लाखामागे सुमारे २१ असल्याचं १९८०च्या दशकातच नोंदलं गेलं, भारतात इतरत्र मिळालेल्या आकड्यांच्या कितीतरी पट. ऊन त्यांनाही मुंबईचंच मिळत होतं. एम.एस.मागे आनुवंशिकता आहे, एपस्टीन-बार विषाणू आहे, डी त्यातला एक धागा. तरी आपण तिला ऐन मे महिन्यात दुपारी बारा ते एक गच्चीवर बसवलंत! अंग तापलं की एम.एस.ची लक्षणं वाढतात. व्यायामाने रुग्णाची नजर तात्पुरती अंधुक होते, हे नेत्रतज्ज्ञ उथॉफ यांनी १८९० मध्येच लिहून ठेवलंय; त्यामागे अंगाचं तापणं आहे, हे पुढे कळलं. एमआरआय येण्याआधी निदानासाठी रुग्णाला गरम पाण्यात बसवून पाहत असत. आपण निदान झालेल्या मुलीला तापवलंत.

माझं डीशी वैर नाही. कमी असेल तर तपासून भरून काढा. तिचे न्यूरॉलॉजिस्टही तेच करत होते, फिंगोलिमॉडच्या जोडीने. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत एम.एस.साठी पहिल्यांदाच तीन औषधं घेतली: क्लॅड्रिबिन, ग्लॅटिरॅमर, रिटुक्सिमॅब. चौथं नाव कोलेकॅल्सिफेरॉलचं नाही. आणि मेंदूचे विकार व पक्षाघात बरे करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. आपल्या व्हिडिओखाली ‘केवळ माहितीसाठी’ असं बारीक अक्षरात लिहिलंय, म्हणजे तो कायदाही आपल्याला माहीत दिसतो.

मागण्या साध्या आहेत. तो व्हिडिओ काढा. आजवर किती रुग्णांना हा डोस दिलात, किती जणांचं कॅल्शियम तपासलंत, कितीजण दवाखान्यात दाखल झाले, हे जाहीर करा. ज्यांची औषधं बंद केलीत त्या प्रत्येकाला फोन करून आपापल्या न्यूरॉलॉजिस्टकडे जायला सांगा. नंबर आपल्याकडे आहेत. कूपन त्यावरच येतात.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणी आज एवढा डी घेत असेल, तर डॉक्टरसाहेबांच्या उत्तराची वाट पाहू नका. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना डोस सांगा, कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि २५-हायड्रॉक्सी डी या तीन तपासण्या याच आठवड्यात करून घ्या, आणि एम.एस.ची चालू गोळी किंवा इंजेक्शन न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवू नका.

आपला,
मिरजेचा एक औषधविक्रेता