गेंड्याच्या पाठीवरचे शिंग

भौतिकीच्या प्रयोगवह्या तपासताना मला दरवर्षी एक गंमत आढळते. एकाने किरणाकृतीत बाण उलटा काढला, की तोच उलटा बाण पुढच्या दहा वह्यांत दिसतो! भिंग प्रत्येकाच्या हातात असते, पण डोळे शेजाऱ्याच्या वहीत असतात.

हा रोग जुना आहे. सोळाव्या शतकात युरोपात परमुलखातील जनावरांच्या शिकारीची छापील चित्रे लोकप्रिय झाली. फ्लोरेन्समध्ये राहणाऱ्या स्ट्राडानसचा १०४ शिकारचित्रांचा संच अँटवर्पला छापला गेला. त्यात हत्ती, सिंह, शहामृग यांच्या शिकारी आहेत. पण हा चित्रकार ना आफ्रिकेत गेला होता, ना हिंदुस्थानात! त्याची भिस्त प्लिनीसारख्या प्राचीन लेखकांच्या वर्णनांवर होती.

अशा ऐकीव चित्रांचे पुढे काय होते, ते एका गेंड्याच्या चित्रावरून पाहा. १५१५ साली गोव्याहून निघालेला एक गेंडा जहाजाने लिस्बनला पोहोचला. न्यूरेंबर्गच्या ड्यूररने तो पाहिला नव्हता. लिस्बनहून आलेले वर्णन आणि रेखाटन एवढ्यावरून त्याने लाकडी ठशासाठी चित्र काढले. नाकावरचे एक शिंग आणि कातडीच्या जाड घड्या बरोबर साधल्या. पण पायांवर खवले आले आणि पाठीवर दुसरे छोटे शिंग उगवले!

१५५१ साली गेस्नरने आपल्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथात हेच चित्र उतरवून घेतले. पुढे १५७७ साली लिस्बनला आणि १६८४ साली लंडनला जिवंत गेंडे आले, तरी नकला ड्यूररच्याच चित्राच्या होत राहिल्या. १७४१ साली एक गेंडा हॉलंडला आला आणि युरोपभर फिरला, तेव्हा कोठे ते शिंग गळू लागले. म्हणजे सव्वादोनशे वर्षे!

मी ड्यूररला दोष देत नाही. मिळालेल्या माहितीतून त्याने शक्य तेवढे केले. ठशाला तर बुद्धी नसतेच. त्यावर जे कोरावे, तेच तो प्रत्येक कागदावर उमटवतो. दोष आहे तो गेंडा दारी आला असताना चित्राकडे पाहणाऱ्यांचा.

सर्व काही आपल्याला स्वतः पाहता येत नाही, हे खरे. तेथे 'हे काढणाऱ्याने काय पाहिले होते?' एवढे तरी विचारावे. पण जे समोर आहे, ते पाहूनच काढावे. शिक्षकबंधुभगिनींनो, फूल हातात घेऊन काढलेल्या वेड्यावाकड्या आकृतीला पुस्तकावरून उतरवलेल्या सुबक आकृतीपेक्षा दोन गुण जास्त द्या. मी देतो.