नीज उलटली की जनी

गूढ शब्दकोडे मराठीच्या प्रकृतीला मानवत नाही, हे मत आम्हांस मान्य नाही. इंग्रजी कोड्याच्या घरात सुटा वर्ण बसतो, आपल्या कोड्यात मात्रेसकट अख्खे अक्षर. त्यामुळे शब्द विस्कटून दुसरा घडवणे अवघड. पण उलटवण्यात केवढी गंमत!

जवळा बाजारात एका दुपारी आमच्यातल्याच एकाने रचलेले कोडे आम्ही सोडवत होतो. ‘झोप उलटताच दळायला बसते (२)’. नीज उलटली की जनी. एका सूत्राचा संशय आला. ‘आकाशात फिरे, ओझेही वाही (३)’ याने तो पक्का केला: खेचर. औंढ्याचे विसोबा, नरसीचे नामदेव, गंगाखेडची जनाबाई. सारी आमच्या मराठवाड्यातली, तरी ओळखायला तासभर लागला. साहित्य शिकवणाऱ्यांनी हे कबूल करावे कसे?

भांडण जुंपले ते ‘नी’वरून. त्याच घरातून उभा ‘निवृत्ती’ सुरू होत होता. ऱ्हस्वदीर्घाकडे काणाडोळा करा, असे रचनाकाराचे म्हणणे. आम्ही ते नाकारले. ‘नी’ ऱ्हस्व केली तर नीज उलटून जनी होतच नाही. ज्या युक्तीवर शब्द उभा, तीच खोटी पडते. वर्गात शुद्धलेखनाचे गुण कापताना असा दाखला आम्हांस कधी सुचला नव्हता.

त्या घरात आम्ही ‘नी’च ठेवली. खाली नुसती ‘वृत्ती’ उरली आहे.