साथीनंतरची यादी

फेब्रुवारी २०२१मध्ये रिसोड तालुक्यातील देगावच्या निवासी शाळेत २२९ विद्यार्थी कोरोनाबाधित निघाले आणि वाशिम देशभर गाजले. पुढच्या लाटेत ज्या घरांतला कर्ता माणूस गेला, त्यांची बातमी झाली नाही. ५० हजारांचे सानुग्रह अनुदान एकदाच मिळाले. आमदार निधीतून रुग्णवाहिका येते, फोटोही निघतो. पण सातबाऱ्यावर विधवेची वारस नोंद झाली का, मुलांना बालसंगोपन योजनेचे दरमहा २,२५० रुपये वेळेवर मिळतात का, हे विचारायला निधी लागत नाही. जिल्ह्यातल्या तिन्ही आमदारांनी तहसीलदारांकडून गावनिहाय यादी मागवावी. तिच्यात औषधांचाही रकाना असावा. रक्तदाबाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट असतात, पण त्या आणायला गेले की दिवसाची मजुरी बुडते. म्हणून त्या गावच्या उपकेंद्रातच मिळायला हव्यात.