शत्रूलाही चेहरा असू द्या

नवा ऐतिहासिक सिनेमा आला की आमच्या मोहल्ल्यात पहिला प्रश्न असतो : ‘यात आपल्याला कसं दाखवलंय?’ हा प्रश्न विचारावा लागतो, यातच अलीकडच्या हिंदी ऐतिहासिक सिनेमाचे अपयश आले. तिकीट काढून आम्ही इतिहास पाहायला जातो आणि तीन तासांनी डोळ्यांतला सुरमा, मांसाचे लचके व तलवारींचा खणखणाट एवढेच घेऊन बाहेर पडतो.

‘पद्मावत’ (२०१८) घ्या. पद्मावतीची कथा काव्यात अजरामर केली ती मलिक मुहंमद जायसी या सूफी कवीने, चित्तोडच्या १३०३ च्या वेढ्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. त्या काव्याचे नाव घेऊन पडद्यावर आला तो माजलेल्या पशूसारखा अल्लाउद्दीन खिलजी. बाजारात धान्याचे भाव बांधून देणारा, मंगोलांच्या स्वाऱ्या परतवणारा राज्यकर्ता त्यात हरवला. खिलजी क्रूर होता हे आम्हाला मान्य आहे. पण तो जनावर नव्हता.

‘पानिपत’ (२०१९) मध्ये मराठ्यांच्या तोफखान्याचा आधार असलेला इब्राहिमखान गारदी आहे, पण पूरक पात्र म्हणून. १७६१ च्या लढाईत धर्मबंधू समोर असूनही तो भाऊसाहेबांच्या बाजूने लढला, पकडला गेला आणि मारला गेला. एका सिनेमाला पुरून उरेल असा हा माणूस. आमच्या निर्मात्यांना तो दिसत नाही.

‘छावा’ (२०२५) विषयी बोलताना आधीच सांगतो : औरंगजेबाने संभाजीराजांना हाल हाल करून मारले, हा इतिहास आहे. त्याची वकिली आम्हाला करायची नाही. आमची तक्रार वेगळी आहे. प्रेक्षकाला समज न देता नुसता संताप देऊन घरी पाठवले, तर तो संताप कुठेतरी उतरणारच. मार्च २०२५ मध्ये नागपुरात दंगल उसळली, तेव्हा या सिनेमामुळे लोकांच्या भावना प्रक्षुब्ध झाल्याचे खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. तीनशे वर्षांपूर्वीच्या बादशहाचा हिशेब आजच्या रिक्षावाल्याने आणि फळविक्रेत्याने का चुकता करायचा?

याउलट विदेशी सिनेमांनी आम्हाला भरभरून दिले. मुस्तफा अक्काद यांचा ‘लायन ऑफ द डेझर्ट’ (१९८१) पाहा. कुराण शिकवणारा वृद्ध उमर मुख्तार लिबियात इटलीच्या फौजेशी लढतो आणि १९३१ मध्ये फासावर जातो. इटालियनांनी उभारलेल्या छळछावण्या दिग्दर्शक लपवत नाही. तरीही त्याचा मुख्तार हाती लागलेल्या कोवळ्या इटालियन अधिकाऱ्याला जिवंत सोडून देतो. शत्रूच्या गोटातही अस्वस्थ होणारी माणसे आहेत. म्हणूनच मुख्तार मोठा वाटतो.

जिलो पोंतेकोर्वो यांचा ‘द बॅटल ऑफ अल्जिअर्स’ (१९६६) आणखी कठोर आहे. अल्जीरियाच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उभा असलेला हा सिनेमा फ्रेंच सैन्याचे अत्याचार दाखवतो. पण अल्जीरियन बायकांनी कॅफेत बॉम्ब ठेवला, तेव्हा आइस्क्रीम खाणाऱ्या लहान मुलाचा चेहराही दाखवतो. आपल्या बाजूचे पाप दाखवायला हिंमत लागते. ‘किंगडम ऑफ हेवन’ (२००५) हा तर इंग्रज दिग्दर्शकाचा. त्यातला सलाहुद्दीन जेरुसलेम जिंकल्यावर जमिनीवर पडलेला क्रूस उचलून मेजावर ठेवतो.

कोणी म्हणेल, विदेशी सिनेमेही खोटे बोलतात. बोलतातच. ‘किंगडम ऑफ हेवन’च्या नायकाचे पूर्वायुष्य कल्पित आहे, ‘लायन ऑफ द डेझर्ट’ला गद्दाफीच्या राजवटीचा पैसा होता. तपशिलाची सूट आम्ही कोणालाही देऊ. शत्रूचे माणूसपण काढून घेण्याची सूट मात्र नाही. ज्याचा शत्रू निव्वळ राक्षस, तो नायकही पुठ्ठ्याचाच उरतो. छत्रपतींसारख्या माणसांना पुठ्ठ्याचे करणे हा त्यांचाही अपमान आहे.

आता थोडे आपल्या घरात पाहू. अक्काद यांच्याच ‘द मेसेज’ (१९७६) मध्ये पैगंबरसाहेब पडद्यावर कुठेही दिसत नाहीत. तरी १९७७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये बंदूकधाऱ्यांनी लोकांना ओलीस धरले, तेव्हा हा सिनेमा बंद करा अशीही त्यांची मागणी होती. आणि इस्लामची कथा जगभर पोचवणारे अक्काद २००५ मध्ये अम्मानमधल्या बॉम्बस्फोटात गेले. तो घडवणारे इस्लामचेच नाव घेत होते. न पाहता भडकणारे आपल्यातही आहेत, हे मान्य केल्याशिवाय दुसऱ्यांना जाब विचारता येणार नाही.

म्हणून बंदीची मागणी आम्ही करणार नाही. वाईट सिनेमाला उत्तर चांगल्या सिनेमाचेच असते. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमान तरुणांनी कथा-कवितेबरोबर पटकथाही लिहावी. सुरुवात इब्राहिमखान गारद्यापासून करावी. आणि त्या पटकथेत अहमदशहा अब्दालीलाही माणसाचाच चेहरा द्यावा.