साडी नेसलेली मरिया आणि आपली दृष्टी

मार्गशीर्ष लागला की कृष्णाकाठच्या कीर्तनकारास घरी स्वस्थता लाभत नाही. दत्तजयंतीचा उत्सव जवळ आलेला असतो, गावोगावची निमंत्रणे येऊन पडलेली असतात, आणि वाईच्या घाटावरून निघालेली पावले नदीच्या ओघाबरोबर खाली औदुंबराकडे वळतात. गेली चाळीस वर्षे प्रस्तुत लेखकाचा हाच परिपाठ आहे. या दीर्घ सेवेत हातून पुष्कळ चुका घडल्या. त्यांपैकी एक चूक वाचकांसमोर कबूल करावी, आणि तिच्यातून जो विचार सुचला तो सांगावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यातील एका दत्तस्थानी कीर्तन होते. पूर्वरंग स्वधर्मनिष्ठेवर लावला होता. त्याच सकाळी कोणी एका तरुणाने मला एक छापील चित्र दाखविले होते. डोक्यावरून पदर घेतलेली, कपाळी कुंकू असावे असा भास होणारी एक स्त्री, मांडीवर बालक, आणि खाली नाव येशूच्या मातेचे! कीर्तनाच्या भरात मला त्या चित्राची आठवण झाली आणि मी म्हणून गेलो, "लोकहो, आता परक्यांच्या देवतांनीही आपल्या बायकांची लुगडी नेसून सोंगे आणावयास आरंभ केला आहे!" मंडप हास्याने दणाणून गेला. दाद मिळाली, आणि वक्त्यास दाद मिळाली की विवेक दोन पावले मागे सरतो, हा अनुभव नवा नव्हे.

आरती झाली, प्रसाद वाटला गेला, मंडप ओस पडला. एक वृद्ध गृहस्थ मात्र खांबाशी थांबले होते. मिरजेच्या मिशन इस्पितळात उभी हयात रुग्णसेवेत घालविलेले ते ख्रिस्ती गृहस्थ माझ्या कीर्तनास दरवर्षी येत, हे मला त्या दिवशी कळले. त्यांनी नमस्कार केला आणि शांतपणे म्हटले, "बुवा, ज्याने ती चित्रे काढली त्याला त्याच्याच धर्माची माणसे हसली. आज आपणही हसलात. त्या बिचाऱ्याने जावे तरी कोठे?" रागाचा एक शब्द नाही. पुढील वर्षी त्यांनी मला एक ग्रंथ आणून दिला. मॅथ्यू लेडर्ले या जेझुइट पंडिताचा, भारतातील ख्रिस्ती चित्रकलेचा शतकानुशतकांचा इतिहास सांगणारा तो इंग्रजी ग्रंथ १९८७ साली प्रसिद्ध झालेला. हे लेडर्ले जन्माने जर्मन, पण पुण्याच्या स्नेहसदनात राहून मराठी संतवाङ्मयाचा अभ्यास केलेले. आधुनिक महाराष्ट्रातील तत्त्वविचारांच्या प्रवाहांवरही त्यांनी ग्रंथ लिहिला आहे.

मी तो ग्रंथ वाचला, आणि मान खाली गेली.

ज्याला मी सोंग म्हटले, त्या परंपरेच्या अग्रभागी उभा असलेला चित्रकार म्हणजे आंजेलो द फोन्सेका. १९०२ साली गोव्यात एका कॅथलिक कुटुंबात जन्म. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील पाश्चात्त्य वळणाचे शिक्षण मनास पटेना, म्हणून तो बंगालची वाट धरून अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्या चरणांशी गेला. तेथून परतल्यावर त्याने मरियेस साडी नेसविली, येशूस या देशाचा वर्ण दिला, आणि प्रसंग आपल्या अंगणात व आपल्या झाडांखाली घडविले. गोव्यातील अनेक धर्मबांधवांस हे रुचले नाही. गोरी, निळ्या झग्यातील मरिया हीच त्यांच्या लेखी खरी मरिया होती. अखेर पुण्यास शिवाजीनगर भागातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात, म्हणजे कॅथलिक असून अँग्लिकन पंथीयांच्या आश्रयास राहून, त्याने दीर्घकाळ चित्रसाधना केली आणि १९६७ साली देह ठेवला.

या आश्रमाचे मूळ शोधू गेल्यास ते आपल्या साताऱ्यापर्यंत येते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली साताऱ्यास येऊन 'देवाचा दरबार' स्थापन केला. ख्रिस्ताची भक्ती भारतीय पद्धतीने, आश्रमवृत्तीने आणि कीर्तनभजनाने व्हावी हा त्यांचा ध्यास होता. १९१९ मध्ये ते निवर्तले. पुढे जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मोपदेशकाने १९२२ साली नगर येथे ख्रिस्त सेवा संघ काढला आणि १९२३ साली टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. पुण्याचा आश्रम हा त्याच संघाचा विस्तार. आमच्या कोल्हापूरचे विनायक मासोजी हेही नंदलालांचे शिष्य आणि पुढे शांतिनिकेतनातच अध्यापक. त्यांनीही ख्रिस्तचरित्रावर चित्रे काढली. म्हणजे ज्या चित्राची मी थट्टा केली त्याचे गोत्र परके नव्हते. ते सातारा, नगर, पुणे आणि कोल्हापूर याच भूमीचे होते.

हे सारे मला कोणी सांगितले? संशोधकांनी. डॅनियल फ्लेमिंग यांनी निरनिराळ्या देशांतील ख्रिस्ती चित्रांचा संग्रह १९३८ साली प्रसिद्ध केला. रिचर्ड टेलर यांचे भारतीय चित्रांतील येशूविषयीचे पुस्तक १९७५ मध्ये आले. त्यानंतर लेडर्ले, आणि २०१२ साली आनंद अमलदास व गुद्रून लोवनर यांनी मोगल काळापासून आजवरच्या भारतीय कलेतील ख्रिस्ती विषयांचा सचित्र महाग्रंथ सिद्ध केला. १५८० साली जेझुइट पाद्री अकबराच्या दरबारी फत्तेपूर सिक्रीस गेले, त्यांनी नेलेली चित्रे पाहून मोगल चित्रकारांनी मरियेची चित्रे रेखाटली, इतक्या मागे हा धागा जातो. फोन्सेकाच्या पश्चात त्याच्या पत्नीने चित्रे जिवापाड सांभाळली आणि गोव्यात पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राच्या स्वाधीन केली, म्हणून आज ती अभ्यासकांस पाहावयास मिळतात. चित्रकार चित्र काढतो. पण ते कोणी, केव्हा, कोणासाठी आणि कोणत्या भावनेने काढले, याची नोंद करणारा नसेल तर पन्नास वर्षांत त्या चित्राचे कोडे होते, आणि कोड्याचे सोंग ठरविणारा माझ्यासारखा कोणी तरी भेटतोच.

येथे श्रद्धाळू वाचक एक शंका घेईल, आणि ती रास्त आहे. "बुवा, ही साडी म्हणजे धर्मप्रसाराची युक्ती कशावरून नव्हे?" या शंकेची टवाळी मी करणार नाही. मिशनऱ्यांनी चित्रांचा आणि आमच्या नारदीय कीर्तनाचाही उपयोग प्रचारासाठी केला, हे इतिहासास धरून आहे. नगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे ख्रिस्ती कीर्तनाचे आद्य प्रवर्तक म्हणून ओळखले जातात. तथापि, युक्ती कोणती आणि उपासना कोणती हे ठरवावयाचे कसे? मंडपातील हशाने की अभ्यासाने? ज्याच्या चित्रांवर प्रथम त्याचेच धर्मबांधव रुष्ट झाले, त्याने ती आम्हांस भुलविण्यासाठी काढली असे म्हणणे तर्कास धरून नाही. त्याने आपला देव आपल्या मातृभूमीच्या रूपात पाहिला. संशयाचे निरसन हवे असेल तर संशोधकाचा ग्रंथ उघडावा. तेथे प्रचारपत्रकावरील चित्र आणि साधकाचे चित्र ही दोन्ही आपापल्या जागी मांडलेली सापडतील.

आणि आपल्या देवघराकडे तरी पाहावे. तीन शिरे, सहा हात, पाठीशी गाय आणि पायाशी चार श्वान अशी जी दत्तमूर्ती आपण डोळे मिटताच पाहतो, तिला घरोघर पोहोचविण्यात राजा रविवर्म्याच्या छापखान्याचा वाटा केवढा मोठा! हा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्यानजीक मळवलीस गेला. त्यातील यंत्रविद्या जर्मन आणि तैलरंगांची रीत युरोपीय. जुन्या परंपरेत एकमुखी दत्तही आहे, आणि औदुंबरास तर आपण मूर्तीपुढे नव्हे, पादुकांपुढे मस्तक ठेवतो. रविवर्म्याने परक्यांची रीत घेऊन आपली लक्ष्मी रंगविली तेव्हा आपण तिला हळदकुंकू वाहिले. मग फोन्सेकाने आपली रीत घेऊन त्याची माता रंगविली, यात हसण्यासारखे ते काय?

आमच्याच शास्त्रात याचे उत्तर आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात वज्र राजा मार्कंडेय ऋषींस मूर्तिविद्या विचारतो. ऋषी सांगतात की मूर्ती कळावयास चित्र कळले पाहिजे, चित्रास नृत्य, नृत्यास वाद्य आणि वाद्यास गीत. पवित्र कलेचे ज्ञान हे असे एकमेकांत गुंतलेले आहे. ते थट्टेने नव्हे, क्रमाने हाती येते. या पुराणातील चित्रसूत्राचे इंग्रजी भाषांतर १९२० च्या दशकात केले ते ऑस्ट्रियातून कलकत्त्यास आलेल्या स्टेला क्रामरिश या विदुषींनी. आणि १९४६ साली हिंदू देवालयांवरील त्यांचा द्विखंडी ग्रंथ आला. परदेशी विदुषीने आमच्या मंदिरांचा अभ्यास आदराने केला याचा आपणांस अभिमान वाटतो. मग आपल्या शेजारच्या उपासनेचा अभ्यास आदराने करण्यास आपणांस संकोच का वाटावा?

सातारा जिल्ह्यात याचा धडा घालून देणारा एक पुरुष होऊन गेला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि स्वतः कीर्तनकार. १९१६ साली त्यांचे चित्ररामायण प्रसिद्ध झाले. भांडारकर संस्थेच्या महाभारत संशोधनास त्यांनी मोठे द्रव्यसाहाय्य दिले. असा हा यमाईचा निष्ठावंत भक्त, पण १९३८ साली त्यांनी उभारलेल्या औंधच्या संग्रहालयात रविवर्म्याच्या चित्रांबरोबर हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता आणि बालकाचे लहानसे पाषाणशिल्पही आहे. याच मूरने पुढे इंग्लंडमध्ये नॉर्दॅम्प्टनच्या सेंट मॅथ्यू चर्चसाठी मरिया आणि बालयेशू घडविले. १९४४ साली ते शिल्प उघडे झाले तेव्हा तेथील पुष्कळ भाविक नाराज झाले होते. आज कलेच्या इतिहासात त्यास मानाचे स्थान आहे. नव्या रूपातील देवास प्रथम त्याची स्वतःची माणसेच नाकारतात, हा अनुभव साऱ्या जगाचा आहे. बाळासाहेबांना मात्र परक्या हातची माता आपल्या संग्रहात ठेवताना भीती वाटली नाही. ज्याची निष्ठा पक्की असते त्याचे दार उघडे असते.

लेडर्ले यांचा ग्रंथ वाचून संपला त्या आठवड्यात मी मेणवलीस गेलो. वाईपासून हाकेच्या अंतरावरचे हे नाना फडणिसांचे गाव. घाटावरच्या देवळाजवळ एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर पोर्तुगिजांच्या चर्चमधून ती आली असे सांगतात. लहानपणापासून तिचा नाद मी किती वेळा ऐकला असेन! त्या दिवशी प्रथमच चष्मा सावरून तिच्याकडे पाहिले. तिच्यावर १७०७ हा सनाचा आकडा आहे, आणि बालकास घेतलेल्या मरियेची आकृती आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपण तिच्या साक्षीने महादेवाचे दर्शन घेत आलो. आपल्या शंकरास तिचा विटाळ झाला नाही, आणि त्या मातेचीही तक्रार कोणाच्या कानी आली नाही. पाहावयाचे राहिले होते ते आपण.

म्हणून माझे मागणे दोन गोष्टींचे आहे. वर सांगितलेले ग्रंथ इंग्रजीत आहेत, ते मराठीत यावेत. ज्या वाई गावाने धर्मकोश आणि मराठी विश्वकोश यांचे कार्य पाहिले, त्या परिसरातील विद्वानांस हे काम अवघड नाही. दुसरे मागणे आपणा हिंदूंसच आहे. मूठभर ख्रिस्ती अभ्यासकांनी आपल्या चित्रांची जशी नोंद केली, तशी आपण आपल्या चित्रांची करीत आहोत काय? मेणवलीच्या वाड्यातील भिंतीवरची चित्रे, जुन्या पोथ्यांतील चित्रे, गावोगावच्या देवळांतील रंगकाम यांवर चुना फासला जाण्यापूर्वी कोणी तरी वही घेऊन बसावयास हवे. परक्यांच्या सोंगाची चिंता करणाऱ्याने प्रथम आपल्या घरचे ऐश्वर्य मोजून ठेवावे.

मिरजेचे ते वृद्ध गृहस्थ आज हयात नाहीत. त्यांची क्षमा मागावयाची राहून गेली. ग्रंथ तेवढा माझ्यापाशी आहे. या दत्तजयंतीस त्याच मंडपात, त्याच श्रोत्यांसमोर, पूर्वरंगातच ती चूक मी बोलून दाखविणार आहे. हशा मोठ्याने पिकविला होता, तर क्षमाही मोठ्यानेच मागितली पाहिजे. श्रीदत्तगुरूंनी तेवढे बळ द्यावे, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.