वतन मोडले, दप्तर नव्हे

सातबारा मोबाइलवर निघतो, पिकाची नोंद शेतकरी स्वतः ॲपवर करतो, मग तलाठी हवाच कशाला? जालना जिल्ह्यात कुठल्याही तहसील कचेरीबाहेर हा सवाल कानावर पडतो. त्यामागचा राग जुना आहे. तलाठी येण्याच्या कितीतरी आधीपासून गावाने दप्तर लिहिणाऱ्या कुलकर्ण्याला कलमकसाई म्हटले आहे.

तो राग खोटा नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा गावात लिहिणारे घर एखादेच असे. बाकीच्यांना आपल्याच शेताचा कागद वाचता येत नव्हता. ज्याच्या हाती बोरू त्याच्या हाती जमीन, अशी ती स्थिती होती आणि ती बापाकडून मुलाकडे वतन म्हणून जात होती. यावर पांघरूण घालणाऱ्याने कुलकर्ण्याची बाजू मांडूच नये.

पण या रागातून निघणारा निष्कर्ष मला साफ अमान्य आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानातली कुलकर्णी वतने खालसा केली, तेव्हा त्या जागी पगारी तलाठी नेमले. वंशपरंपरा मोडली, मक्तेदारी मोडली, दप्तर मात्र राखले. दोष लिहिण्यात नसून लिहिण्याच्या मालकीत आहे, हे त्यांनी ओळखले होते. आज तलाठी नको म्हणणारे नेमका हा फरक विसरतात.

दुसरा आक्षेप असा की कारकुनाची खर्डेघाशी म्हणजे बुद्धीचे कामच नव्हे. पण लंडनमध्ये पॅरिशचे, म्हणजे चर्चच्या हद्दीचे, कारकून दर आठवड्याला मृतांचे आकडे गोळा करत. त्या रटाळ याद्यांवरून जॉन ग्राउंट यांनी १६६२ मध्ये पुस्तक लिहिले आणि लोकसंख्येच्या अभ्यासाचा पाया घातला गेला. पण इतके लांब तरी कशाला जायचे? २९ ऑगस्ट २०२३ रोजी अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले. पुढच्याच महिन्यात सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. समितीने शोधले काय? निजामकाळातली महसुली कागदपत्रे, खासरा पत्रके, जन्ममृत्यूची जुनी रजिस्टरे. आरक्षणाबद्दल ज्याचे जे मत असेल ते असो. पिढ्यांपूर्वी कुण्या पटवाऱ्याने नावापुढे ‘कुणबी’ असे लिहिले की नाही, यावर आजच्या मुलामुलींचे जातीचे दाखले अडले किंवा सुटले. ज्याला आपण खर्डेघाशी म्हणतो, तिचे वजन याहून वेगळे काय दाखवायचे?

आता ॲपकडे वळू. हाताने लिहायच्या काळात फेरफार मंजूर होईपर्यंत सातबाऱ्यावर त्याचा क्रमांक पेन्सिलीने टिपत. हितसंबंधितांना नोटीस जाई, हरकतीची मुदत संपे, मंडळ अधिकारी प्रमाणित करी, मग शाई चढे. त्या पेन्सिलीच्या खुणेचा अर्थ एवढाच होता की कुणाला काही म्हणायचे असेल तर अजून वेळ आहे. ही पायरी संगणकातही ठेवली आहे, ते बरेच झाले. पण नोटिशीचा कागद समजावून सांगायला, बहिणीचे नाव वारसातून गळते आहे हे हेरायला माणूस लागतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागा वाळल्या, तेव्हा बांधावर उभे राहून झाडे मोजणे हेच काम होते. फोटो वाळलेले झाड दाखवील. ते झाड कुणी लावले, बाग वाट्याने केली की स्वतः, विहीर कुणाच्या नावावर, हे गाव ओळखणाराच सांगू शकतो.

एका तलाठ्याकडे अनेक गावे देऊन तो सापडत नाही म्हणून त्याला शिव्या घालायच्या, हा न्याय नव्हे. २०२४ मध्ये तलाठ्याचे ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले. पदनाम बदलले म्हणून तो गावात राहायला येत नाही. त्याला सज्ज्याच्या, म्हणजे नेमून दिलेल्या हद्दीच्या, गावी धड कचेरी हवी, राहण्याची सोय हवी. आणि पैसे मागितले तर त्याच कचेरीच्या दारात त्याला जाब विचारता आला पाहिजे.

याच जिल्ह्यातल्या जांब गावी समर्थ रामदास जन्मले. त्यांच्या घराण्याकडे कुलकर्णीपण होते, असे परंपरा सांगते. दासबोधात त्यांनी एक अख्खा समास लेखनक्रियेला दिला. अक्षर कसे वळवावे, ओळी कशा सरळ राखाव्यात, पहिल्यापासून शेवटपर्यंत हात एकसारखा कसा ठेवावा, याचा त्यात बारकाईने विचार आहे. लिहिणे ही साधना आहे असे मानणारा माणूस या मातीतला, आणि इथली जुनी दप्तरे मात्र वाळवीच्या तोंडी, हे मला सहन होत नाही. २०२३ मध्ये जुन्या नोंदी वाचायला मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. गरज पडली की धावाधाव करण्यापेक्षा प्रत्येक तहसीलच्या अभिलेख कक्षात दोन्ही लिप्या वाचणारा एकेक कायम माणूस नेमा. त्याचा पगार एखाद्या नव्या ॲपच्या खर्चापुढे काहीच नाही.