अटकेची कीर्ति आणि शनिवारवाड्यांतील खून

विद्यार्थिमित्रांनो, इतिहासाच्या तासाला अटकेचा विषय निघाला म्हणजे तुमचे चेहरे उजळतात, व तें योग्यच आहे. १७५८ च्या एप्रिलांत राघोबादादांच्या फौजा लाहोरांत शिरल्या आणि मराठ्यांचे घोडे सिंधूकांठीं अटकेपर्यंत पोहोंचले. हा पराक्रम कोणासहि खोटा ठरवितां यावयाचा नाहीं. परंतु ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणराव पेशव्यांस कापून काढलें, तेव्हां अठरा वर्षांच्या त्या पुतण्यानें जीव वाचविण्यासाठीं ज्या काकाला मिठी मारली, तो काका हाच.

येथें आपण एक सोयीची वाट धरतों. दादांचा हुकूम केवळ धरण्याचा होता, ‘ध’ चा ‘मा’ आनंदीबाईंनीं केला, असें सांगून मोकळे होतों. ही आख्यायिका एवढी लोकप्रिय कां झाली, याचें कारण मला उघड दिसतें. वीराची कीर्ति निर्मळ ठेवावयाची तर पापाचें गांठोडें दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर द्यावें लागतें; बायको काय, घरांतच असते! आणि गादीवरील पेशव्यास त्याच्याच चाकरांकडून धरविणें, हें तरी कोणतें पुण्यकर्म?

रामशास्त्री प्रभुणे या वाटेनें गेले नाहींत. पेशवाईच्या त्या न्यायाधीशास दादांचा पराक्रम तुम्हांआम्हांपेक्षां अधिक ठाऊक होता. तरीहि चौकशी करून त्यांनीं नव्या पेशव्यास तोंडावर दोषी ठरविलें व पुणें सोडलें. अटकेची वजावट त्या निवाड्यांत नव्हती.

“एवढा मोठा पुरुष, त्याचें एक पाप पोटांत घालावें,” असें तुमच्यापैकीं कांहीं म्हणतात. पोटांत घालण्याचा अधिकार नारायणरावाचा. तो आपल्याकडे कोठून आला? शिवाय तें पाप तेथेंच थांबलें नाहीं. बारभाईंनीं विरोध करतांच गेलेलें पेशवेपद मिळविण्यासाठीं दादांनीं मार्च १७७५ मध्यें सुरतेस इंग्रजांशीं तह केला व साष्टी आणि वसई त्यांस लिहून दिली. ऐरोलीच्या पुलावरून खाडीपलीकडे दिसते ती त्या साष्टीचीच जमीन. लाहोर घेणाराहि तोच, साष्टी देणाराहि तोच.

पुढील वर्षीं अटकेवर निबंध लिहाल तो अवश्य अभिमानानें लिहा. मात्र त्यांत सुरतेचा तह यावा, आणि नारायणरावाचें वयहि यावें.